आधी काटा शून्यावर आण

सही करणार नाही.

निवेदन परत पाठवते आहे. सोबत ही पानंही. शेवटपर्यंत वाच. शाळेत प्रश्नपत्रिका अर्धीच वाचून उत्तरं लिहायला बसायचास. ती खोड अजून गेलेली नाही, हे तुझ्या निवेदनावरून दिसतंच आहे.

"बाई, पहिली सही तुमची हवी," म्हणालास. सोसायटीतल्या पालकांचा गट, गटाचा प्रमुख तू, मागणी व्हिडिओ गेमवर बंदीची. सात मुद्दे लिहिलेस. मी तपासायला लाल पेन घेऊनच बसले. 'अश्लील' हा शब्द अकरा वेळा. 'अंगप्रदर्शन' चार वेळा. 'आपली संस्कृती' पाच वेळा. आणि खून? छळ? मारहाण? एकदाही नाही. दोनदा वाचून काढलं, पाठपोट पाहिलं. नाही म्हणजे नाही.

का नाही, ते मला ठाऊक आहे. गेल्या रविवारी मी तुझ्याच घरी बसले होते.

तुझा मुलगा बारा वर्षांचा. तो 'जीटीए फाइव्ह' खेळत होता आणि मी मागच्या खुर्चीवरून बघत होते. पडद्यावर एक माणूस खुर्चीला बांधलेला. खेळाने पोराला चार हत्यारं दिली. पाना, पक्कड, विजेचे चिमटे आणि तोंडावर ओतायला पाणी. निवड म्हणाला. पोराने पक्कड निवडली. बांधलेला माणूस किंचाळत होता आणि पोरगं दात उपटण्यासाठी बटणं दाबत होतं. तो मरायला टेकला तर त्याला इंजेक्शन देऊन शुद्धीवर आणायचं, म्हणजे पुढचं हत्यार वापरता येतं. त्याच वेळी तू पोह्यांची बशी घेऊन आलास. पडद्याकडे नीट पाहिलंस. आणि काय म्हणालास? "अरे, बाईंना पाणी दे."

अर्ध्या तासाने त्याच खेळात पोरगं एका नाचाच्या क्लबात शिरलं. उघड्या अंगाची नर्तकी दिसली आणि तू जागेवरून असा उठलास की टीपॉयवरचा चहा सांडला. संगणक बंद करण्याइतकाही धीर नव्हता. वायरच उपसलीस. "हे असलं बघतोस? लाज नाही वाटत?"

दात उपटला तेव्हा तुझ्या कपातला चहा हललासुद्धा नव्हता.

ही तुझी तक्रार, आणि हा तू. आता बोल.

बोलशीलच. सबबींची तुला कधी वाण नव्हती. "बाई, तो खेळ आहे. रक्त खोटं असतं." बरं. मग ती नर्तकी खरी होती का? तीही त्याच ठिपक्यांची, त्याच यंत्रातली. खोटं रक्त खोटं, आणि खोटी त्वचा तेवढी खरी? हे कुठलं शास्त्र? मी तर शिकवलं नव्हतं.

दुसरी सबब. "मारामारीचं मुलांवर काही होत नाही, तसं सिद्धच झालेलं नाही." इथे तू अर्धा बरोबर आहेस, आणि अर्ध्यावर थांबणं हाच तुझा जुना रोग. हिंसक खेळ खेळून मुलगा हिंसक होतो असं मीही म्हणत नाही. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हे मीच तुम्हाला शिकवलं. पण तोच नियम दुसऱ्या पारड्याला का नाही? नग्न चित्र पाहून मुलगा बिघडतो याचा तुझ्याकडे कोणता पुरावा आहे? एकाला पुरावा मागायचा आणि दुसऱ्याला नुसत्या संशयावर फाशी. याला न्याय म्हणतात होय रे?

वाटत असेल, म्हातारीला या खेळांतलं काय कळतंय. म्हणून आठवडाभर बसून वाचलं. तू वाचलंस का? निवेदन लिहिणारा तू, चाळीस घरांच्या सह्या गोळा करायला निघालेला तू. तर आता मी सांगते ते ऐक, आणि त्यात स्वतःला शोध.

अमेरिकेत २००४ च्या ऑक्टोबरमध्ये 'जीटीए सॅन अँड्रियास' बाजारात आला. तुझ्या घरातल्या खेळाचाच थोरला भाऊ. तिथे ईएसआरबी नावाची संस्था खेळांना वयाची पाटी लावते. तिने याला 'एम' दिला. म्हणजे १७ वर्षं आणि पुढे. खेळात रस्त्यावरच्या कुणालाही गाडीखाली चिरडता येत होतं, पोलिसाला गोळी घालता येत होती, चेनसॉ घेऊन माणसाच्या अंगावर धावून जाता येत होतं. आठ महिने तो तसाच धडाक्याने विकला गेला. मोठ्या साखळी दुकानांच्या मांडणीवर राजरोस होता.

२००५ च्या जूनमध्ये नेदरलँड्समधल्या एकाने त्या खेळात दडलेला एक तुकडा उघडा केला. नायक आणि त्याची मैत्रीण यांच्या संबंधांचं दृश्य. कंपनीने ते बंद करून ठेवलं होतं, पण चकतीवरून पुसलं नव्हतं. 'हॉट कॉफी' म्हणून ते प्रकरण गाजलं. दृश्य कसलं? दोन सज्ञान माणसं, दोघांच्या राजीखुशीने, ओबडधोबड बाहुल्यांसारखी. आणि देशात आग लागली. सिनेटर हिलरी क्लिंटन यांनी चौकशी मागितली. २० जुलैला ईएसआरबीने पाटी बदलून 'एओ' केली, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, १८ आणि पुढे. वॉलमार्ट, टार्गेट, बेस्ट बाय यांनी खेळ मांडणीवरून उतरवला. २५ जुलैला प्रतिनिधीगृहाने ३५५ विरुद्ध २१ मतांनी चौकशीचा ठराव केला.

सतरा आणि अठरा. एका वर्षाचा फरक. आठ महिने जे चेनसॉने झालं नाही, ते एका मिठीने सहा आठवड्यांत करून दाखवलं.

कंपनी धुतल्या तांदळासारखी होती असं मी म्हणत नाही. पाटी लावणाऱ्यापासून तिने तो तुकडा दडवला, ती लबाडीच. पण मला तिची शिकवणी घ्यायची नाही. मला तुझी घ्यायची आहे. म्हणून एका आजीची गोष्ट सांगते.

न्यूयॉर्कमधल्या ८५ वर्षांच्या एका आजीने कंपनीवर खटला भरला. हा खेळ तिने नातवासाठी घेतला होता. आत असलं काही आहे हे ठाऊक असतं तर घेतलाच नसता, असं तिचं म्हणणं. नातवाचं वय किती होतं? १४. आणि खोक्यावर काय छापलं होतं? १७. म्हणजे चौदा वर्षांच्या पोराच्या हातात टोळीयुद्ध दिलं, तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचला नाही. मिठी निघाली तेव्हा थेट कोर्ट गाठलं.

हसू नकोस. ती आजी म्हणजे तू. तुझ्या घरातल्या खेळावरही तीच १७ ची पाटी आहे. तुझा मुलगा बारा वर्षांचा आहे. खेळ कुणी घेऊन दिला? पैसे कुणाच्या कार्डातून गेले? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला निघालास, आणि स्वतःच्या डोळ्यातल्या मुसळाची पावती तुझ्याच कपाटात पडली आहे.

आणि पुढे काय झालं तेही ऐक. खरेदीदारांना भरपाई द्यायची तडजोड निघाली. लाखो प्रती विकल्या गेल्या होत्या. दावा करायला पुढे किती आले? २७०० सुद्धा नाहीत. गावभर बोंब मारायला सगळे आणि कागद भरायची वेळ आली की कुणी नाही. उद्या तुझ्या त्या सह्यांचंही हेच होणार.

आता कोर्टाचं ऐक, कारण तुझ्या निवेदनात 'कायदा करा' हा सातवा मुद्दा आहे. कॅलिफोर्नियाने २००५ सालीच केला होता. हिंसक खेळ अठराच्या आतल्या मुलांना विकायला बंदी, हजार डॉलरपर्यंत दंड. कायद्यावर सही कुणाची? गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांची. पडद्यावर बंदुका चालवून ज्यांनी नाव कमावलं, तेच. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २७ जून २०११ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी कायदा रद्द झाला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया यांचं म्हणणं असं की, अश्लीलता म्हणजे लैंगिक गोष्ट, तिला कायद्यात जुना अपवाद आहे. हिंसेला तसा अपवाद कधीच नव्हता. मुलांच्या ग्रिमच्या परीकथासुद्धा रक्ताने माखलेल्या आहेत.

वेगळं मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्रेयर यांनी मात्र बोट नेमकं ठेवलं. त्यांचा मुद्दा असा. तेरा वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रीचं चित्र असलेलं मासिक विकायचं नाही, हे आपल्याला मान्य. आणि त्याच मुलाला त्याच स्त्रीला बांधायचं, तिच्या तोंडात बोळा कोंबायचा, तिचा छळ करून तिला ठार मारायचं, असा खेळ विकायला मुभा. यात शहाणपण कुठलं?

स्कालिया चुकले की ब्रेयर, ते वकिलांना ठरवू दे. मी तुला विचारते. रविवारी तुझ्या घरात दोन निकाल लागले, एक पकडीवर आणि एक नर्तकीवर. तुझा युक्तिवाद काय होता? काहीच नव्हता. नुसता हात होता, वायरीकडे गेलेला.

"पण बाई, ही तर उपजतच लाज असते. माणसाच्या रक्तातच." नसते. जर्मनीकडे बघ. १९९८ साली 'हाफ लाइफ' हा खेळ आला, तेव्हा जर्मन आवृत्तीत सैनिकांच्या जागी यंत्रमानव घातले, कारण तिथे माणसांवर गोळ्या झाडणंच अडत होतं. २००७ साली पोलंडमधल्या कंपनीचा 'विचर' आला. त्यात बायकांची चित्रं असलेले पत्ते होते. युरोपात ती होती तशी राहिली. अमेरिकेत त्या बायकांच्या अंगावर कपडे रंगवले. तलवारीने माणसं कापणं मात्र दोन्हीकडे तसंच. म्हणजे काय? एका गावात जे झाकतात ते दुसऱ्या गावात उघडं. ही लाज रक्तातली नाही. ती ज्याच्या त्याच्या घरची सवय आहे. आणि सवय तपासता येते. तपासायचा आळस असेल तर तसं सांग. तिला संस्कृती म्हणू नकोस.

संस्कृतीचं नाव घेतलंस म्हणून विचारते. महाभारत कुणाकडून ऐकलंस? आजीकडून ना? भीम दुःशासनाची छाती फोडतो, तेही तिने सांगितलं. द्रौपदीच्या निऱ्यांना हात घातला, तेही तिनेच सांगितलं. वगळलं का काही? नाही. पण सांगताना ती तुझ्या शेजारी बसलेली होती. मध्येच थांबायची. "बघ बाळा, भरल्या सभेत एकही मोठा माणूस उठला नाही," म्हणायची. तुझी संस्कृती त्या शेजारी बसण्यात होती. तू ती वायरीत शोधतो आहेस.

आपल्याकडच्या तोडग्यांबद्दलही थोडं. २०२१ साली पबजीचा भारतीय अवतार बीजीएमआय आला. तुझा मुलगा गाडीत मागच्या सीटवर बसून तोच खेळत असतो. त्यात रक्त हिरवं केलं. 'किल' ऐवजी 'फिनिश' लिहिलं. झालं, पालक निवांत. रंग बदलला की गोळी, गोळी राहत नाही का रे? परीक्षानळीवरची चिठ्ठी बदलली म्हणून आतलं आम्ल बदलतं का? दहावीला रसायनशास्त्रात तुला चांगले गुण होते. म्हणून तर राग येतो. ढ असतास तर पाठीवर हात फिरवून सोडून दिलं असतं.

आणि "दुकानदारच विकतात, आम्ही काय करणार" हेही नको. अमेरिकेत सरकारने मुलांना गुपचूप गिऱ्हाईक म्हणून दुकानांत पाठवून पाहिलं. २००० साली 'एम' पाटीचा खेळ ८५ टक्के मुलांना मिळाला. २०११ साली जाहीर झालेल्या पाहणीत तो आकडा १३ वर आला होता. दुकानदार सुधारला. नात्यातली, रक्ताची माणसं मात्र आजही पाटी न वाचता कार्ड पुढे करतात.

आता मुख्य गोष्ट. ती तुला कडू लागेल, पण गिळ.

घाण घरात येऊ नये म्हणून तू वायर उपसली नाहीस. दात उपटणं ही घाणच होती, ती तुला दिसली आणि चालली. तू वायर उपसलीस ती मुलाने काही विचारू नये म्हणून. खुनाबद्दल मुलं बापाला विचारत नाहीत. खून वाईट, एवढं त्यांना ठाऊक आहे असं तू धरून चालतोस आणि मोकळा होतोस. शरीराबद्दल मात्र ती विचारणार. आणि त्या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर नाही, कारण तुझ्या बापानेही तुझ्यापुढे हेच केलं होतं. चित्रपटात दोन फुलं एकत्र आली की तुझे वडील खाकरून बाहेर जायचे. तू वायर ओढतोस. प्रगती म्हणायची तर एवढीच.

आणि या भित्रेपणाची किंमत काय पडली, सांगू? त्या क्लबात खेळ पोराला काय शिकवत होता ते तू पाहिलंच नाहीस. पहारेकऱ्याची नजर दुसरीकडे वळली की नाचणाऱ्या बाईला हात लावायचा. नियम मोडलास तर हाकलतात. पकडला गेला नाहीस तर बक्षीस मिळतं. तिला विचारायचं नाही. पहारेकऱ्याला चुकवायचं. बोलायची गोष्ट ही होती! बारा वर्षांच्या मुलाला सांगायची गोष्ट ही होती, की बाबा रे, कुणी बघत नाही म्हणून हात लावायचा नसतो. उघडं अंग हा त्यातला सगळ्यात लहान मुद्दा होता. लहान मुद्द्यावर तू घर डोक्यावर घेतलंस आणि मोठा मुद्दा वायरीबरोबर विझवून टाकलास. साप साप म्हणून भुई धोपटलीस. साप तिथेच आहे.

दुसरी किंमत याहून जबर. तू तणतणत आत गेलास, तेव्हा तुझा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. कान लाल झालेले. हळूच म्हणाला, "आजी, मी त्या माणसाचा दात काढला तेव्हा बाबा रागावले नाहीत. म्हणजे ते चालतं ना?"

घे. हे तुझ्या निवेदनाचं उत्तर. सात मुद्द्यांत जे आलं नाही ते पोराने एका वाक्यात मांडलं. तू त्याला काही शिकवलं नाहीस असं समजू नकोस. पक्कं शिकवलंस. दुखवणं चालतं, शरीर घाणेरडं. हे त्याला खेळाने शिकवलेलं नाही, खेळ एका वायरीने बंद होतो. हे बापाने शिकवलं. त्याची वायर कोण उपसणार?

मी त्याला काय सांगितलं ते तुला सांगणार नाही. ते तुझं काम होतं.

तुला आठवत असेल, नववीच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत भौतिक तराजू होता. पहिल्याच दिवशी तू वजन चुकीचं काढलंस आणि "बाई, तराजू खराब आहे" म्हणून तक्रार घेऊन आलास. मी येऊन पाहिलं. तराजू ठणठणीत होता. तू काटा शून्यावर न आणताच वजनं टाकली होतीस. तेव्हाही तक्रार आधी आणि तपासणी नंतर. तीस वर्षं झाली, तू अजून त्याच टेबलाशी उभा आहेस.

म्हणून गृहपाठ देते. सबब चालणार नाही.

एक. खोक्यावरची पाटी वाच. बारा वर्षांच्या मुलासाठी तो खेळ नाही, तेव्हा काढून घे. पण वायर उपसून नाही. समोर बसवून, कारण सांगून. आणि कारण सांगताना 'मी घेऊन दिला ही माझी चूक' हे वाक्य आधी. जीभ जड होईल. होऊ दे.

दोन. त्याच्या वयाचा जो खेळ ठेवशील, तो शेजारी बसून तासभर बघ. हातातला फोन खाली ठेवून. खेळ त्याच्या हातांकडून काय करून घेतो आणि कशाचं बक्षीस देतो, ते वहीत लिही.

तीन. पकडीबद्दल बोल. नर्तकीबद्दलही बोल. दोन्ही एकाच बैठकीत, एकाच आवाजात. एकाला डोळे वटारून आणि दुसऱ्याला हसून नाही. बोलताना लाज वाटली तर वाटू दे. लाज वाटत असतानाही बोलता येतं. मी तीस वर्षं नववीच्या वर्गाला पुनरुत्पादनाचा धडा शिकवला. तुझ्या वर्गालाही. शेवटच्या बाकावरून खिदळणारा कोण होता, ते मला अजून नावानिशी आठवतं.

चार. मग नवं निवेदन लिही. बंदीचं नव्हे. आपल्याकडे प्रत्येक खेळावर वयाची पाटी ठळक, मराठीत, कळेल अशी हवी, आणि ती ठरवताना रक्ताला आणि त्वचेला एकच माप हवं, असं. ते घेऊन ये. पहिली सही माझी.

तू हे करू शकतोस. करू शकत नसतास तर मी एवढी पानं खरडली नसती. तुझ्या निवेदनातल्या सगळ्या चुका लाल शाईने खुणावल्या आहेत. 'अश्लील' मधला पहिला 'अ' प्रत्येक वेळी बरोबर लिहिलास, तेवढं एक बरं केलंस.

येताना मुलाला घेऊन ये. माझ्याकडे तो जुना तराजू आहे. शाळेने मोडीत काढला तेव्हा मी घरी आणला. पारडी रिकामी असताना काटा कुठे असायला हवा, ते त्याला तू दाखव. मी बाजूला उभी राहून बघेन.